सोलापूर : २०१२ पासून उभी असलेली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे

साखरपेठी

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी २०१२ मध्ये शेळगीच्या शेडमध्ये लावली, ती तशीच आहे. वडील आता नाहीत. भंगारवाल्यांचे फोन येतात, पण आम्ही भावंडांनी ठरवलंय की विकायची नाही, चालवायची.

सध्याची अवस्था अशी : वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. चारही टायर बसलेत. बॅटरी नाही. ब्रेकचं पॅडल दाबलं की थेट तळाला जातं. मागच्या सीटचा काथ्या उंदरांनी अर्धा बाहेर काढलाय. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा वास आला. इंजिन फिरतं की जाम आहे, ते बघितलेलं नाही. बॉडी मात्र बरी वाटते, दारांच्या खालच्या कडेला थोडा गंज आहे तेवढाच.

चुलतभाऊ म्हणतो, रविवारी बॅटरी आणतो, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओततो आणि स्टार्टर मारून बघू, फियाट आहे, चालू होणारच. मला जरा धाकधूक वाटतेय. गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही. आईला घेऊन तुळजापूरला जाऊन येता आलं म्हणजे झालं. सुरुवात कुठून करू?

आठ_नंबरचा_पाना

रविवारी चुलतभावाला जेवायला बोलवा, बॅटरी घरी ठेवून यायला सांगा.

इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थेंब उरलेला नसतो. रिंगा कोरड्या, कदाचित गंजाने चिकटलेल्या. त्यावर स्टार्टर मारला की रिंग तुटते नाहीतर बोअरला ओरखडे पडतात. आज फुकटात सुटणारं इंजिन उद्या बोअरिंगला जातं.

आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं मिसळून दोन-तीन चमचे सोडा. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, मिळालं तर डिझेलपेक्षा उत्तम. भोकांवर कापड ठेवून आठवडाभर विसरून जा, अधूनमधून परत थोडं सोडा. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि दोघांनी धरून हळू मागे-पुढे हलवा. फॅनचा पट्टा हलला की समजा इंजिन मोकळं आहे. नाही हलला तर जोर लावू नका, परत तेल सोडा आणि थांबा. टायरमध्ये हवा भरून घ्या त्याआधी, नाहीतर गाडीच हलणार नाही आणि तुम्हाला वाटेल इंजिन जाम.

फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-४० भरा. त्यानंतर बॅटरी लावायची, तीसुद्धा प्लग बाहेर ठेवूनच. स्टार्टर थोडा थोडा मारत राहायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे पंपाने तेल वर चढवलं. त्याच्या आधी इंजिन पेटवायचं नाही म्हणजे नाही.

या इंजिनाला टायमिंगची चेन असते, बेल्ट नाही, त्यामुळे बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकण्याची भीती नाही. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असू शकतो. म्हणून टॅपेट कव्हर काढून इंजिन हाताने फिरवताना आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते बघा.

कडक_भाकरी

वाचतेय. आमच्याकडे अँबेसेडर आहे, तिचीही हीच कथा. वाचनखूण साठवली.

भीमाकाठ

पान्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण माझा क्रम वेगळा आहे. इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक.

कारण सांगतो. इंजिन चालू झालं की माणसाला राहवत नाही. गेटपर्यंत तर नेऊन बघू, कोपऱ्यावर तर जाऊन येऊ असं होतं, आणि ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर येते. तुमचं पॅडल तळाला जातंय म्हणजे एकतर ब्रेक ऑइल गळून गेलंय किंवा मास्टर सिलिंडरची रबरं गेलीत. माझ्या मते दोन्ही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून चालत्या गाडीतसुद्धा ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमच्या गाडीत ते पाणी धरून एवढी वर्षं बसलंय. चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम निघत नसतील तर हातोड्याने ठोकू नका. आधी शूजचं ॲडजस्टमेंट मागे घ्या, कडेने गंज सोडवायचं तेल मारा, दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हलकं ठोका.

प्रत्येक चाकाचा सिलिंडर उघडून बघा. आतून आरशासारखा गुळगुळीत असेल तर नुसता रबर किट बदलायचा. खड्डे पडले असतील तर नवा सिलिंडर घ्या, नाहीतर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवून घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाले आहेत, त्यांना नमुना दाखवला की करून देतात. पॉलिश पेपर मारून खड्ड्यावर नवं रबर चढवायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

रबराचे होज दिसायला चांगले असले तरी बदलाच. आतून फुगून बंद होतात, मग पॅडल सोडलं तरी चाक धरून ठेवतात. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, हे ध्यानात ठेवा. आणि रबरं पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. धुवायचीच तर ब्रेक ऑइलनेच.

आठ_नंबरचा_पाना

क्रमावर भांडत नाही. पण इंजिनात तेल आजच सोडा हो, ते मुरायला वेळ लागतो. तोपर्यंत ब्रेक करा. दोघांचं समाधान.

साखरपेठी

दोघांचेही आभार. चुलतभावाला धागा वाचायला दिला. त्याचं तोंड बारीक झालंय, पण प्लग त्यानेच काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग सोडून बाकीचे कोरडे आणि तपकिरी होते. तिसरा काळा, तेलकट. डिझेल-ऑइल सोडलंय.

एक प्रश्न. गाडीवर कायम सोलापुरी चादरी घातलेल्या होत्या, चार-पाच एकावर एक. त्या काढल्यावर छतावर फुगलेल्या रंगाचे ठिपके दिसले. हे कशाने?

भीमाकाठ

चादरीनेच. जाड सुती कापड पावसाळ्यात ओल धरतं आणि पत्र्याला लावून ठेवतं. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रीचं दव खालच्या बाजूने गळतं ते वेगळंच. चादर पांघरायला चांगली, गाडीला नको. झाकायचंच असेल तर हवा खेळेल असं पातळ कव्हर घाला आणि गाडी अधूनमधून उघडी ठेवा.

एरवी सोलापूर या बाबतीत नशीबवान गाव आहे. मुंबईच्या गाड्यांची फ्लोअर खाऱ्या हवेने चाळणी होते, आपल्याकडे पत्रा टिकतो. आपला शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला जातो आणि शेडमध्ये त्याहून जास्त. त्यात रबर मरतं : होज, बीडिंग, बुश, वायरचं वरचं आवरण. म्हणून इथली जुनी गाडी बाहेरून फसवते. पत्रा ठणठणीत दिसतो आणि खाली वाकून बघितलं की एकही रबर जिवंत नसतं.

कुर्लाकर

अवांतर करतो, माफ करा. तुमची गाडी आमच्या कुर्ल्यात जन्मली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथे होता. आणि तो काढणारे वालचंद हिराचंद तुमच्या सोलापूरचे, जन्म १८८२चा. कंपनी १९४४ची. १९६४ला फियाट ११०० डिलाइट आली, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४च्या सुमारास तीच गाडी पद्मिनी झाली. २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून उतरली.

कामाचं बोलतो. टॅक्सी बंद झाल्यापासून नवे सुटे भाग आटलेत, पण जुन्या टॅक्सींचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून निघतात. ब्रेकचा रबर किट, ठिणगी पाडणारे सीबी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, क्लच प्लेट मिळतील. दारांचे हँडल, मागच्या दिव्यांच्या काचा, पुढची जाळी या वस्तू दिसल्या की भाव न करता घ्या. यांत्रिक भाग कुणीतरी बनवून देईल, काच कोण बनवणार?

सात_रस्ता

कुर्ल्याला जाण्याआधी पुण्यात नाना पेठ बघा, जवळ पडतं. आणि आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना विचारा. ज्यांनी आयुष्यभर फियाट टॅक्स्या केल्या, त्यांच्या पत्र्याच्या डब्यात काय काय निघतं ते बघून थक्क व्हाल. फोनवर विचारलं तर नाहीच म्हणतील. जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, मग डबा उघडतो.

कडक_भाकरी

कुणीतरी पंधरा वर्षांच्या नियमाबद्दल सांगा ना. आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात की जुन्या गाड्या सरकार उचलून नेणार, खर्च करू नका.

सात_रस्ता

हा गैरसमज सगळीकडे आहे. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा दिल्ली परिसराचा विषय. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपली की गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी धड असेल तर कितीही वेळा. सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनी रद्द होते, तो नियम एप्रिल २०२३ पासूनचा. तो खाजगी गाडीला लागू नाही.

साखरपेठींच्या गाडीचा हिशेब करू. १९८४ची गाडी, १९९९ला पहिलं नूतनीकरण, मग २००४, २००९. वडिलांनी २००९चं केलं असेल तर आरसी २०१४ पर्यंत होती. आरसी बुक सापडलं का, आणि शिक्का कुठवरचा आहे?

साखरपेठी

सापडलं. तुम्ही म्हणता तसंच, २०१४ पर्यंतचा शिक्का आहे. वडिलांच्या नावावर. ऑनलाइन नंबर टाकला तर गाडी सापडतच नाही.

सात_रस्ता

मग या क्रमाने जा.

पहिलं, जुनं बुक संगणकात चढलेलं नाही. आरटीओत अर्ज देऊन बॅकलॉग नोंद करून घ्या. ती झाल्याशिवाय पुढचं काहीच ऑनलाइन होत नाही. बुकाच्या रंगीत प्रती काढून ठेवा, मूळ बुक हातातून सोडताना पोच घ्या. इंजिन आणि चासिस नंबर गाडीवरून स्वतः उतरवून बुकाशी ताडून बघा. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ७ मध्ये घोळ असतो. तो आधी कळलेला बरा.

दुसरं, वारस म्हणून हस्तांतरण. त्याला फॉर्म ३१ लागतो. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. आईची संमती विसरू नका, लोक भावांचीच घेतात आणि फाइल परत येते.

तिसरं, नूतनीकरण, फॉर्म २५. वीस वर्षांपुढच्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, आधी ५,००० होतं. उशिराबद्दल दरमहा ५०० रुपयांची तरतूद नियमात आहे, पर्यावरण कर वेगळा. एकूण आकडा काउंटरवर काढून घ्या आणि मगच गाडीवर रंगाचा खर्च ठरवा.

गाडी तपासणीला न्यायची तर विमा हवा. १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टीचा २०२२चा दर ३,४१६ रुपये, वर जीएसटी. तुमचं इंजिन १०८९ सीसी, म्हणजे याच गटात. पीयूसी हवी. तोवर गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणू नका, टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. वाटेत कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करेल आणि ती चूकही नसेल. आणि हो, एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लावायची आहे.

चोक_ओढा

हे सगळं करण्यापेक्षा व्हिंटेजमध्ये का नोंदवत नाही? एकदाच २० हजार, दहा वर्षं शांतता.

सात_रस्ता

दोन कारणं. २०२१च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडीच बसते. १९८४ची बसत नाही. आणि बसली तरी मी घेणार नाही. ती पाटी लावलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती. यांना आईला तुळजापूरला न्यायचंय.

साखरपेठी

अपडेट. इंजिन मोकळं झालं! चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलली, आधी नुसती रबरासारखी मागे आली, तेलाचा आणखी एक डोस दिला आणि मग फॅन फिरला. चुलतभाऊ असा ओरडला की शेजारचे बघायला आले.

ब्रेकचं काम सुरू आहे. पुढचे दोन्ही सिलिंडर बरे निघाले, मागच्या दोन्हींत खड्डे. स्लीव्हला दिलेत. आता पेट्रोलच्या टाकीचं काय करू? आत टॉर्च मारला तर तळाला तपकिरी चिकट थर आणि बाजूला गंज.

आठ_नंबरचा_पाना

टाकी खाली उतरवा. त्यात मूठभर नट किंवा बारीक साखळीचा तुकडा टाका, थोडं रॉकेल किंवा डिझेल ओता, तोंडं बंद करा आणि दोघांनी धरून घुसळा. साखळी शेवटी मोजून बाहेर काढा, आत राहिली तर जन्मभर वाजेल. गंज जास्त असेल तर सायट्रिक ॲसिडचं पाणी रात्रभर ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि उन्हात लगेच वाळवा. वाळवायला आपलं ऊन फुकट आहे.

आता नीट वाचा. टाकीला भोक असेल आणि कुणी झाळायला घेत असेल, तर आधी चिकट थर पूर्ण निघेपर्यंत ती धुऊन घ्या आणि झाळताना भोकाच्या जवळपर्यंत पाण्याने भरलेली ठेवा. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची. आत वाफ असते, ठिणगी पडली की बॉम्ब. इतकी वर्षं रिकामी आहे म्हणून वाफ नसेल असं समजू नका, त्या चिकट थरातून ती येत राहते.

टाकी होईपर्यंत इंजिनाला सलाईन लावा. प्लास्टिकची नको, पत्र्याची छोटी बाटली बॉनेटच्या कडेला पक्की बांधा आणि नळीने ताजं पेट्रोल थेट कार्बोरेटरला द्या. टाकीतला कचरा न ओढता इंजिन ऐकायला मिळतं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

कार्बोरेटर उघडून जेट क्लीनरने मारा, हवेने फुंका. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग ॲव्हरेज शोधत बसाल. सीबी पॉइंटवर पांढरा थर आला असेल, बारीक पॉलिश पेपरने पुसा, गॅप लावा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी काढण्याआधी फोटो काढा. उंदरांनी हार्नेस कुरतडला असेल तर बॅटरीच्या तारेत फ्यूज टाकल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

कडक_भाकरी

आणि आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या गाडीला ते चालतं का?

भीमाकाठ

हा माझ्या दुखऱ्या जागेवरचा प्रश्न आहे. मी ऊस लावतो. आमचा ऊस कारखान्यात जातो, तिथलं इथेनॉल पेट्रोलमध्ये येतं आणि माझ्याच जुन्या फियाटचा डायफ्राम खातं. तक्रार कुणाकडे करू?

चालतं, पण तयारी करून. जुन्या काळच्या रबराला इथेनॉल सोसत नाही, फुगतं, मग तुकडे होऊन जेटमध्ये अडकतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज एफकेएम (इथेनॉलला टिकणारं रबर) अस्तराचे घ्या, पाकिटावर ३०आर९ असं छापलेलं असतं. पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचा किट इथेनॉलला टिकणारा मागा, दुकानदार हो म्हणाला तरी पाकीट वाचा. दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. चढावर गाडी अडखळते, जास्त तापते. मेन जेट एक नंबर मोठं टाकून बघा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. हे पेट्रोल ओल ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी निम्मी ठेवू नका, भरून ठेवा किंवा रिकामी करा. चालवत राहिलात तर यातलं काही होत नाही.

चोक_ओढा

रेडिएटरचं कुणी बोललं नाही. सोलापूरच्या उन्हात पद्मिनी म्हणजे पाण्याचा कॅन डिकीत, हे ठरलेलं.

आठ_नंबरचा_पाना

कॅन ठेवायची वेळ येते कारण पूर्वी सगळे नळाचं पाणी ओतायचे. आपलं पाणी जड, क्षारांनी नळ्या भरतात. रेडिएटर खोलून रॉड मारून घ्या, ब्लॉकचं पाणी खालच्या तोटीतून सोडा, स्वच्छ निघेपर्यंत. मग कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात. आणि थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर परत बसवा. 'काढला की गाडी थंड राहते' हे आपल्याकडचं आवडतं तत्त्वज्ञान आहे. त्याने इंजिन कधीच नीट तापत नाही, पेट्रोल पीत राहतं आणि ऑइल काळं होतं.

साखरपेठी

काल संध्याकाळी सलाईनवर इंजिन चालू झालं. आधी निळा धूर इतका की शेड दिसेना, मग हळूहळू कमी. मुरवलेलं तेल जळत होतं बहुतेक. तिसरा सिलिंडर मात्र मिस मारतोय. कॉम्प्रेशन बघितलं, इतर तिघांपेक्षा तिसऱ्याचं बरंच कमी. मिस्त्री इंजिन खोलायला सांगतायत.

क्लचही चिकटलाय, पॅडल दाबूनही गिअर पडत नाही.

आठ_नंबरचा_पाना

खोलू नका, निदान आत्ता तरी. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत कॉम्प्रेशन बघा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. रिंगा असतील तर गाडी चालल्यावर बऱ्याचदा आपोआप सुटतात. व्हॉल्व्ह असेल तर फक्त हेड काढून लॅपिंग करायचं, म्हणजे व्हॉल्व्ह घासून नीट बसवायचे, खालचं इंजिन उघडायची गरज नाही. पूर्ण ओव्हरहॉल सांगणारा मिस्त्री वाईट नसतो, त्याला तेच येतं. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आले की इंजिनाला आशीर्वाद द्या आणि बॉनेट लावा.

क्लचसाठी पॅडल दाबून लाकडाची फळी सीटला टेकवून तसंच रात्रभर ठेवा. प्लेट सुटते बऱ्याचदा. भिंतीकडे तोंड करून गिअरमध्ये स्टार्टर मारायचा प्रकार कुणी सुचवेल, त्याला शेडच्या बाहेर काढा.

साखरपेठी

ऑइल टाकल्यावर तिसऱ्याचं वाढलं! म्हणजे रिंगा. क्लच फळीने सुटला.

पीयूसीला किती यायला हवं?

सात_रस्ता

तुमच्या काळच्या पेट्रोल मोटारीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमच्या आत. इंजिन पूर्ण गरम करून, चोक बंद करून न्या. मिश्रणाचा स्क्रू थोडा आत घेतला की सीओ उतरतो. सहा महिन्यांची मिळेल. टायरही बघून घ्या, कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४. नवे म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडलेले टायर खपवतात.

साखरपेठी

बॅकलॉगचा अर्ज दिला, पोच घेतली. मागचे सिलिंडर स्लीव्ह बसून आले. आज ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसलो, सगळ्यात लांबच्या चाकापासून, आणि मागच्या डाव्या बाजूचा ब्लीडिंग निप्पल सोडवताना मानेतच तुटला. सिलिंडरच्या आत अर्धा राहिलाय. एमआयडीसीवाला म्हणतो काढून देतो, पण नवा निप्पल हवा. सोलापुरात कुणाकडे पद्मिनीचा जुना का होईना, निप्पल आहे का?

सात_रस्ता

लष्कर भागात एक जुने मिस्त्री आहेत, मी तुम्हाला खाजगी निरोप पाठवतो. फोन करू नका, जाऊन बसा.